हॉट टब घेताय? आधी डीलर बघा!

आमच्या मागच्या अंगणात हॉट टब आहे हे कळल्यावर लोक दोनच प्रश्न विचारतात. देशी मित्र विचारतो, "कितीला पडला?" आणि इथला शेजारी विचारतो, "जेट किती आहेत?" मी दोघांनाही खरं उत्तर देतो, पण मनात म्हणतो, अरे बाबांनो, हे दोन्ही प्रश्न नंतरचे! पहिला प्रश्न वेगळाच आहे: जानेवारीत तो बंद पडला तर कोण येणार?

हे शहाणपण मला जन्मतः नव्हतं. ते १,५०० डॉलर जवळजवळ पाण्यात घालून मिळालेलं आहे. म्हणून या वीकांताला कोडिंग बाजूला ठेवून हेच लिहायला बसलोय.

तर झालं असं. आम्ही राहतो अमेरिकेत, मिनेसोटा राज्यात, मिनिआपोलिसच्या एका उपनगरात. इथे हिवाळ्यात पारा उणे २० सेल्सियसच्या खाली जातो आणि त्याचं कुणाला काही वाटत नाही. दोन वर्षांपूर्वी आम्ही छोटंसं घर घेतलं. त्याच वर्षी बायकोच्या कमरेतली मणक्याची गादी सरकली. दिवसभर खुर्चीत बसून प्रॉडक्शनचे प्रॉब्लेम सोडवणाऱ्या आमच्या जमातीचा हा ठरलेला आजार. औषधं झाली, व्यायाम झाले. सकाळी बूट घालायला तिला माझी मदत लागायची. तिशीही न गाठलेल्या माणसाला मोज्यासाठी हाक मारावी लागते तेव्हा तो हसून मारतो, पण ते हसू खरं नसतं. तिच्या फिजिओथेरपिस्टने एकदा सांगितलं, रोज पंधरा मिनिटं गरम पाण्यात बसता आलं तर स्नायू सैल होतात, व्यायाम सोपा जातो. जवळच्या जिममध्ये टब होता, पण व्यायाम करून, टबात बसून, ओल्या केसांनी उणे १५ मध्ये गाडीपर्यंत चालत येणं म्हणजे रोगापेक्षा उपाय भारी!

म्हणून घरी टब घ्यायचा विचार सुरू झाला. बाबांना फोनवर सांगितलं तर ते म्हणाले, "अरे, आपल्याकडे बंबाचं पाणी घंगाळात काढून बसायचो की! त्याला कुणी नऊ हजार डॉलर दिले नव्हते." आई मागून म्हणाली, "सुनेची कंबर दुखतीये, घेऊ दे त्याला." विषय संपला. बजेट ठरलं: ९,००० डॉलर, सगळं धरून. हे 'सगळं धरून' नीट लक्षात ठेवा, कारण पुढची सगळी गंमत त्या दोन शब्दांत आहे.

(इतिहासाची आवड असणाऱ्यांसाठी: हे प्रकरण सुरू झालं तेसुद्धा दुखण्यातूनच. जकुझी हे इटलीहून कॅलिफोर्नियात आलेल्या भावांचं आडनाव. ते पंप बनवायचे. त्यातल्या कँडिडो जकुझीच्या लहान मुलाला संधिवात होता. त्याला हॉस्पिटलात मिळणारे पाण्याचे उपचार घरच्या बाथटबात मिळावेत म्हणून त्यांनी टबात सोडायचा पंप बनवला आणि १९५६ मध्ये तो बाजारात आला. चैन वगैरे सगळं नंतर चिकटलं. हे मी बाबांना सांगितलं. ते म्हणाले, "बरं.")

आता एक्स्पोची गोष्ट. इथे मोठमोठे हॉल भाड्याने घेऊन तीन दिवसांचे हॉट टब सेल लागतात. शनिवारी सहज म्हणून गेलो. शंभरेक टब मांडलेले, निळे-जांभळे दिवे, कुठूनसं धबधब्याचं संगीत. एका टबावर १४,९९९ खोडून ८,९९९ लिहिलेलं. सहा माणसांचा, ६८ जेट, एक आडवं झोपायची सीट, स्पीकर, कारंजं. विक्रेता इतका गोड बोलणारा की त्याने आधी आमच्या गावाची चौकशी केली, मग कमरेची, मग क्रेडिट कार्डची. "ही किंमत फक्त आजची. उद्या ट्रक निघणार." बायको कोरड्या टबात आडवी होऊन म्हणाली, "मस्त वाटतंय रे." मी सही केली, १,५०० डॉलर आगाऊ भरले आणि बजेटमध्ये एक डॉलर वाचवला म्हणून येताना दोघांनी बाहेर जेवण केलं.

आपण मध्यमवर्गीय मराठी माणसं काय घेतलं यापेक्षा किती सूट मिळाली हे जास्त अभिमानाने सांगतो. माझंही तेच झालं होतं. सहा हजारांची सूट! मित्राला फोन करून सांगितलंसुद्धा.

रात्री एक्सेल उघडलं. हे खरं म्हणजे शुक्रवारी करायला हवं होतं. पण आपल्याकडे टेस्टिंग नेहमी रिलीजनंतरच होतं, त्याला मी काय करणार!

टब ८,९९९. राज्याचा विक्रीकर ६.८७५ टक्के, म्हणजे ६१९. (त्यावर स्थानिक कर वेगळा, तो सोडून देतो.) मग वीज. मोठ्या टबाला २४० व्होल्टची, ५० अँपिअरची वेगळी लाइन लागते, करंट गळला तर क्षणात वीज तोडणारा ब्रेकर लागतो, आणि टबापासून किमान पाच फूट लांब पण नजरेच्या टप्प्यात एक बंद करायचा स्विच लागतो. आमचं पॅनेल गॅरेजच्या दुसऱ्या टोकाला. नंतर इलेक्ट्रिशियनला विचारलं तर तो म्हणाला, १,८००. पाया: टब आमच्या लाकडी डेकवर ठेवायचा बेत होता. मग गणित केलं. ४०० गॅलन पाणी, गॅलनला ८.३४ पौंड, म्हणजे ३,३३६ पौंड. टबाचं वजन ८००. सहा माणसं साधारण हजार पौंड. झाले पाच हजारांच्या वर. साडेसात बाय साडेसात फुटांच्या जागेवर हे वाटलं तर चौरस फुटाला ९० पौंडांहून जास्त. घराचे साधे डेक चौरस फुटाला ४० पौंड भारासाठी बांधतात. म्हणजे गणपतीला पाहुणे जमले असते तर पाहुण्यांसकट विसर्जन! तेव्हा काँक्रीटचा कोबा हवा: १,६००. दारापर्यंत सोडून पुढे आत न्यायचे ४००. झाकण उचलायची दांडी ३००. पायऱ्या २००. पाण्याची औषधं १५०.

बेरीज: १४,०६८ डॉलर. आणि बजेट ९,०००. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला म्हणतात ते हेच.

बायको शेजारी येऊन बसली. बराच वेळ आकड्यांकडे बघत होती. मग म्हणाली, "माझ्या कमरेसाठी एवढं नको." मला पैशांपेक्षा या वाक्याचा त्रास झाला. कारण चूक तिच्या कमरेची नव्हती, माझ्या सहीची होती.

रविवारी कागद बारकाईने वाचले. वॉरंटीचं पान मोठं सुंदर होतं. टबाच्या कवचावर दहा वर्षं, पंपावर पाच. पण मजुरीवर फक्त एक वर्ष, आणि मेकॅनिकच्या येण्याजाण्याचा खर्च ग्राहकाचा. सोमवारी दिलेल्या नंबरवर फोन केला. "आमच्या गावात दुरुस्तीला कोण येतं?" पलीकडच्या मुलीने आधी मला वीस मिनिटं संगीत ऐकवलं आणि मग सांगितलं, जवळचा माणूस शेजारच्या राज्यात आहे, गाडीने चार तास. हिवाळ्यात किती दिवसांत येईल? "ते त्याच्या वेळापत्रकावर आहे, सर." आमच्या धंद्यात अशा सपोर्टवर कुणी सर्व्हर चालवणार नाही. मी मात्र त्यावर बायकोची कंबर चालवायला निघालो होतो!

त्याच कागदांच्या गठ्ठ्यात मागे एक फॉर्म होता. अमेरिकेच्या केंद्रीय व्यापार आयोगाचा एक नियम आहे: विक्रेत्याच्या कायमच्या दुकानात नव्हे तर भाड्याच्या हॉलमध्ये, हॉटेलात किंवा जत्रेत अशा तात्पुरत्या जागी १३० डॉलर किंवा जास्तीची खरेदी केली, तर कामाच्या तिसऱ्या दिवसाच्या मध्यरात्रीपर्यंत ती बिनशर्त रद्द करता येते. कारण सांगायची गरज नाही. शनिवार कामाचा दिवस धरतात. रविवार आणि सरकारी सुट्टी धरत नाहीत. विक्रेत्याने हा हक्क तोंडी सांगायला हवा आणि रद्द करायच्या फॉर्मच्या दोन प्रती द्यायला हव्यात. आम्हाला तोंडी कुणी काही सांगितलं नव्हतं. शनिवारची खरेदी, म्हणजे बुधवारची मध्यरात्र. मंगळवारी दुपारी मी हापिसातून निघून पोस्टात गेलो आणि फॉर्म सही करून पोचपावतीच्या टपालाने पाठवला. विक्रेत्याचे चार फोन आले, पाचशे डॉलर आणखी कमी करायला तयार होता. मी फक्त "नो, थँक यू" म्हणत राहिलो. पैसे परत करायला नियमाने कामाचे दहा दिवस असतात. नवव्या दिवशी कार्डावर जमा झाले. त्या नऊ दिवसांत मी बँकेचं पान किती वेळा उघडलं ते विचारू नका.

(हा नियम दुकानात जाऊन केलेल्या किंवा संपूर्णपणे ऑनलाइन केलेल्या खरेदीला लागत नाही. तेव्हा त्याच्या भरवशावर सह्या करत सुटू नका.)

दुसऱ्या खेपेला मी उलटीकडून सुरुवात केली. टबांची यादी बाजूला ठेवली आणि डीलरांची केली. घरापासून अर्ध्या तासाच्या आत चार दुकानं निघाली. प्रत्येकाला तेच पाच प्रश्न विचारले.

१. दुरुस्ती करणारी माणसं तुमच्या पगारावर आहेत का बाहेरची? बाहेरची असतील तर वाद झाल्यावर तुम्ही त्यांच्याकडे बोट दाखवणार आणि ते कंपनीकडे.

२. पंप, हीटर, कंट्रोल बोर्ड यातलं काय आत्ता तुमच्या गोदामात आहे? दाखवा.

३. जानेवारीत टब बंद पडला तर किती तासांत येता? इथे 'दिवसांत' असं उत्तर आलं तर मी उठायचो.

४. पाण्याने भरलेल्या टबात बसून बघता येईल का?

५. सगळं धरून शेवटचा आकडा कागदावर लिहून द्याल का? कर, आणणं, बसवणं, झाकण, दांडी, सगळं.

चारातल्या दोघांनी पाचव्या प्रश्नावर विषय बदलला. एकाने दुसऱ्यावर. चौथं दुकान एका साध्या शेडमध्ये होतं, निळे दिवे नाहीत, संगीत नाही. काउंटरवरच्या बाईंनी माझे पाचही प्रश्न ऐकून घेतले आणि मग उलट मला विचारायला लागल्या. पॅनेल कुठे आहे? अंगणाचं फाटक किती रुंद? खाली काय आहे, माती का काँक्रीट? किती जण रोज बसणार? कशासाठी हवाय? बायकोने कमरेचं सांगितल्यावर त्या म्हणाल्या, "मग कपडे घेऊन या आणि बसून बघा. दोन वेगळ्या टबांत, वीस-वीस मिनिटं."

हा सल्ला लाखाचा निघाला. पाण्याने भरलेल्या टबातली आडवी सीट, अगदी एक्स्पोत होती तशीच. माझी बायको पाच फूट एक इंच. पाणी भरल्यावर ती त्या सीटवर टिकेचना! शरीर तरंगून वर यायचं, आणि जागेवर राहायला पाय ताणून धरावे लागायचे. म्हणजे कमरेला आराम सोडाच, उलट ताण. कोरड्या टबात 'मस्त' वाटलेली गोष्ट ओल्या टबात पाच मिनिटंही सहन होईना. शेवटी तिला आवडला तो चार माणसांचा, साध्या खोल सीटचा टब. त्याला जेट किती? २२. पण तिच्या पाठीमागचे चार अगदी हव्या त्या जागी होते.

जेटच्या आकड्याबद्दल आता माझ्यातल्या इंजिनियरला थोडं बोलू द्या. जेट म्हणजे भोक. पाणी ढकलतो तो पंप. त्याच पंपावर २० भोकं ठेवली काय आणि ६८ ठेवली काय, पाणी तेवढंच, फक्त वाटणी बारीक. पंपाची ताकदही जाहिरातीवरून बघू नका. एक्स्पोतल्या टबाच्या माहितीपत्रकात 'सहा हॉर्सपॉवर' लिहिलं होतं. तांत्रिक पानावर त्याच पंपाला २४० व्होल्ट, १२ अँपिअर. गुणाकार केला तर २,८८० वॅट. एक हॉर्सपॉवर म्हणजे ७४६ वॅट. म्हणजे वीजच मुळी चार हॉर्सपॉवरपेक्षा कमी आत जाते आणि बाहेर सहा निघते! हा आकडा सुरू होतानाच्या क्षणिक झटक्याचा असतो. बारावीचं फिजिक्स इतकं उपयोगी पडेल असं सीईटी देताना वाटलं नव्हतं.

पैसे घालायचेच असतील तर दोन कंटाळवाण्या ठिकाणी घाला: अंगातला फोम आणि वरचं झाकण. थंड प्रदेशात टबाचं बिल ठरतं ते या दोन गोष्टींनी. झाकण जाड आणि घट्ट बसणारं घ्या. फोममध्ये पाणी मुरून ते जड झालं की बदला, कारण ओलं झाकण उष्णता धरत नाही.

दुसरा मुद्दा व्होल्टेजचा. आमचा टब १२० आणि २४० दोन्हींवर चालतो. नुसता प्लग लावला की झालं, इलेक्ट्रिशियनचे पैसे वाचतात, हा मोह मलाही झाला. पण गणित बघा. २५० गॅलन पाणी ५० फॅरनहाइटवरून १०२ वर न्यायला साधारण ३२ युनिट वीज लागते. साध्या प्लगवर हीटर एक किलोवॅटचा, म्हणजे ३२ तास, तेही थंडीने काहीच खाल्लं नाही असं धरून. २४० वर चार किलोवॅट, म्हणजे आठ तास. शिवाय साध्या प्लगवर बऱ्याच टबांत जेट चालू असताना हीटर बंद होतो. पुण्यात किंवा कॅलिफोर्नियात चालेल. मिनेसोटाच्या फेब्रुवारीत झाकण उघडून बसलात तर पाणी डोळ्यांदेखत गार होईल.

त्या बाईंनीच सुचवलं की टब डेकजवळ नको, गॅरेजच्या भिंतीलगतच्या जुन्या काँक्रीटवर ठेवा. तिथून पॅनेल जवळ, स्वयंपाकघराचं दारही जवळ. हिवाळ्यात बर्फातून जास्त चालावं लागलं तर टब वापरला जात नाही, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. गेल्या वर्षीचा मांडून ठेवलेला टब म्हणून किंमतही उतरली. शेवटचा हिशेब: टब ५,६००, त्यात आणून बसवणं धरलेलं. कर ३८५. इलेक्ट्रिशियन ९५०. दांडी २८०. औषधं १२०. एकूण ७,३३५. उरले १,६६५, ते दुरुस्तीचा राखीव निधी म्हणून वेगळ्या खात्यात टाकले.

त्या निधीला हात लावायची वेळ जानेवारीत येता येता राहिली. शुक्रवारी रात्री साडेआठला टबाच्या पडद्यावर एरर कोड. पाणी फिरवणारा छोटा पंप बंद. बाहेर उणे २४. पाणी न फिरणारा, न तापणारा टब म्हणजे काय ते सांगतो: आतल्या बारीक नळ्यांतलं पाणी आधी गोठतं, गोठताना साधारण नऊ टक्के फुगतं आणि नळ्या फोडतं. मग दुरुस्ती नाही, नवा टब.

दुकानाच्या रात्रीच्या नंबरवर फोन केला. तिसऱ्या रिंगला माणूस बोलला. म्हणाला, "झाकण उघडून बघत बसू नका. जेवढी ऊब आहे ती आत राहू द्या. फोम चांगला आहे, रात्र निघेल. मी सकाळी येतो." मी रात्रभर दर दोन तासांनी उठून पडद्यावरचं तापमान बघत होतो. १०१... ९६... ९१. सकाळी नऊला त्याची गाडी दारात. बर्फात गुडघे टेकून त्याने बाजूची फळी काढली, गाडीतून नवा पंप आणला आणि पाऊण तासात पाणी फिरायला लागलं. वॉरंटीत होतं, बिल शून्य. बायकोने त्याला आल्याचा चहा दिला. त्याने दोनदा घेतला.

त्या सकाळी मला चार तासांवरचा तो दुसरा मेकॅनिक आठवला. शुक्रवारच्या रात्री त्याच्या फोनवर कुठलं संगीत वाजलं असतं कुणास ठाऊक.

याची दुसरी बाजूही आहे, ती न सांगणं लबाडी होईल. मोठ्या साखळी दुकानात किंवा ऑनलाइन तसाच टब हजार-दीड हजाराने स्वस्त मिळतो. तुम्हाला मल्टिमीटर घेऊन बर्फात बसायची हौस असेल, सुटे भाग स्वतः मागवून बसवता येत असतील, तर जरूर घ्या, तुमचे पैसे वाचतील. टब वापरला जाईल का याचीच शंका असेल तर काहीशे डॉलरचा हवा भरायचा टब घेऊन एक उन्हाळा काढा. फक्त ते बहुतेक टब चार अंश सेल्सियसच्या खाली वापरायचे नसतात, तेव्हा इथल्या हिवाळ्याचा विचार सोडा. पण दुखणं आहे म्हणून रोज लागणारी वस्तू असेल, तर ते हजार-दीड हजार डॉलर म्हणजे डीलरचा नफा समजू नका, तुमचा सपोर्ट कॉन्ट्रॅक्ट समजा.

आणि एक: टब म्हणजे गणेशपुरीचं कुंड नव्हे. तिथलं पाणी वाहतं, इथलं तेच ते पाणी तीन-चार महिने राहतं. क्लोरीन किमान ३ पीपीएम, पीएच ७.० ते ७.८ यात ठेवलं नाही तर अंगावर पुरळ येण्यापासून लेजिओनेला जंतूंच्या न्यूमोनियापर्यंत काहीही होऊ शकतं. तापमान १०४ फॅरनहाइटच्या वर नाही, पाच वर्षांखालची मुलं नाहीत, गरोदरपणात डॉक्टरांना विचारल्याशिवाय नाही. आठवड्यातून दोन-तीनदा पट्टी बुडवून बघायला दोन मिनिटं लागतात. चांगला डीलर पाण्याचा नमुना फुकट तपासून देतो, हाही एक निकष धरा.

शेवटी बाबांचा प्रश्न, जो त्यांनी टब आल्यानंतर विचारला. "व्हिसाचं काही पक्कं नाही म्हणतोस. मग एवढी जड वस्तू कशाला रोवून बसलास?" प्रश्न बरोबर आहे. आम्ही दोघंही एच-वनवर. नोकरी गेली की हातात फार तर ६० दिवस, त्यात दुसरी शोधा नाहीतर सामान बांधा. मित्रांची घरं मी अशी रिकामी होताना पाहिली आहेत. म्हणूनच छोटा टब, जुन्या काँक्रीटवर, फाटकातून बाहेर निघेल असा. दुकानदार जुना टब अदलाबदलीत घेतो हेही आधीच विचारून ठेवलंय. पण या भीतीने काहीच घ्यायचं नाही म्हटलं, तर ६० दिवसांची टांगती तलवार आम्ही सगळी वर्षं डोक्यावर घेऊन जगणार. आणि कंबर काही व्हिसा स्टँपिंग होईपर्यंत दुखायची थांबत नाही.

या दिवाळीत पहाटे पाच वाजता अंगणात बारीक बर्फ पडत होता. तेल-उटणं आत न्हाणीघरातच उरकलं (टबात तेल घातलंत तर फिल्टरची वाट लागेल, हा फुकटचा सल्ला!), आणि मग पंधरा मिनिटं टबात. आईला व्हिडिओ कॉल लावला. ती म्हणाली, "पाणी कढत आहे ना?" बाबांनी मान वळवून बघितलं आणि विचारलं, "जेट किती आहेत रे त्याला?"

म्हटलं, "२२, बाबा. पण दुकान अठरा मिनिटांवर आहे."

बायकोचे मोजे आता तीच घालते. असो. तापमान १०२ झालंय, निघतो.